स्विचला ताप येतो तेव्हा

'स्विच' म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे खटक्याचे बटण येईल. या लेखातला स्विच तो नव्हे. तुमच्या शाळेत संगणक कक्ष असेल, तर तिथे एखाद्या कोपऱ्यात, बहुधा छताजवळ, लोखंडी कपाटात एक चपटी पेटी ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. तिच्या दर्शनी बाजूला टेलिफोनच्या खोबणीसारख्या चोवीस खोबण्या असतात, प्रत्येकीत एक केबल खोचलेली असते आणि वर हिरवे दिवे लुकलुकत असतात. कक्षातले संगणक एकमेकांशी बोलतात ते या पेटीमार्फत. टपाल कचेरीत पत्रे वेगळी करणारा कर्मचारी जसा पत्त्यावर नजर टाकून पत्र नेमक्या खणात टाकतो, तसे ही पेटी माहितीच्या प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता वाचून ते नेमक्या खोबणीतून बाहेर पाठवते. फरक इतकाच, की ती हे काम सेकंदाला लाखो वेळा करते.

या पेटीच्या आधी 'हब' नावाची पेटी वापरीत. तिला पत्ता वाचता येत नसे. आलेले पत्र ती सगळ्यांनाच मोठ्याने वाचून दाखवी म्हणा ना! अशा जाळ्यासाठी पत्ता वाचणारा पहिला स्विच १९९० साली कॅलिफोर्नियातील एका कंपनीने बाजारात आणला. त्याला फक्त सात खोबण्या होत्या. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते विनोद भारद्वाज आणि कंपनीचे नाव होते 'कल्पना'. या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको.

आता मूळ गोष्टीकडे वळू. काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका शाळेतून मला बोलावणे आले. एप्रिलचे दिवस होते. शाळा सकाळची झाली होती, पण नववीच्या मुलांची संगणकावरची प्रात्यक्षिक परीक्षा तुकड्या-तुकड्यांनी दुपारी तीनपर्यंत चालायची होती. सराव परीक्षेच्या दिवशी दुपारी सव्वाला स्विच बंद पडला. वीस मुलांनी लिहिलेली उत्तरे मुख्य संगणकापर्यंत पोहोचलीच नाहीत, चाळीस मिनिटांचे काम वाया गेले. पंधरा मिनिटांनी स्विच आपोआप सुरू झाला आणि दोनच्या सुमारास पुन्हा बंद पडला. खऱ्या परीक्षेला पाच दिवस उरले होते. प्रयोगशाळेसाठी वर्षभराकरिता ठेवलेले पैसे मोडून नवा स्विच घ्यायचा, असे जवळजवळ ठरले होते. विज्ञानाच्या बाईंनी मात्र एक दिवस मागून घेतला होता.

कक्ष उघडणारे शिपाई मला म्हणाले, "सकाळी बराबर चालते साहेब, दुपार झाली का लोळते." आजाराचे एवढे नेमके वर्णन पुष्कळदा अभियंतेही करत नाहीत.

वीज की उष्णता?

शाळेचा संशय विजेवर होता. दुपारी गावात विद्युतदाब उतरतो, म्हणून स्विच बंद पडतो, असे सगळ्यांना वाटत होते. त्यासाठी एक स्टॅबिलायझरही आणून झाला होता. उपयोग शून्य.

हा संशय दोन कारणांनी टिकत नव्हता. पहिले कारण म्हणजे स्विचमधला वीजपुरवठ्याचा भाग. तो आलेल्या विजेचे अतिशय वेगाने तुकडे करतो आणि हवा तेवढा कमी दाब तयार करतो. १०० ते २४० व्होल्टांपर्यंत काहीही आले तरी तो चालतो. दाब कमी झाला, तर तो जास्त प्रवाह ओढून तेवढीच शक्ती मिळवतो. आमच्या स्विचला ६२ वॅट लागत होते. म्हणजे २३० व्होल्टांना सुमारे ०.२७ अँपिअर आणि १८० व्होल्टांना सुमारे ०.३४ अँपिअर. (इथे काही तज्ज्ञ वाचक शक्तिगुणकाचा प्रश्न काढतील. त्यांनी आम्हांला क्षमा करावी.) तेव्हा दाब थोडासा उतरल्याने त्याला काहीच व्हायला नको.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. काही स्विच आपल्या दिनचर्येच्या शेवटच्या नोंदी अशा स्मृतीत जपून ठेवतात, की वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. हा स्विच तसा होता. नोंदी काढून पाहिल्या तर सगळ्यांवर तारीख १ जानेवारी १९७०! मुले हसू लागली. कारण साधे आहे. या स्विचमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नव्हती. सुरू झाला की तो शून्यापासून सेकंद मोजू लागे, आणि संगणकांच्या एका मोठ्या कुळात शून्य सेकंद म्हणजे १९७० सालची पहिली मध्यरात्र, असा संकेत आहे. तारीख चुकीची असली तरी सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ते बरोबर कळत होते. प्रत्येक वेळी बंद पडण्याआधी काही मिनिटे एकच नोंद होती: तापमान मर्यादेजवळ. आणि मग: तापमान मर्यादेबाहेर, बंद होत आहे.

हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वीज गेल्यामुळे जे यंत्र बंद पडते त्याला शेवटचे शब्द बोलायला वेळच मिळत नाही. उष्णतेमुळे जे स्वतःला बंद करते ते सांगून जाते. नोंद आहे की नाही, एवढ्यावरूनच अर्धे निदान होते.

स्विचला स्वतःचा ताप कळतो कसा, असे तुम्ही विचाराल. त्याच्या पोटात पाऱ्याचा तापमापक नसतो. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक लहानसा प्रवाह सोडला, की त्याच्या दोन टोकांमध्ये अर्ध्या व्होल्टाहून थोडा अधिक दाब दिसतो. तापमान एका अंशाने वाढले, की हा दाब सुमारे २ मिलिव्होल्टांनी कमी होतो. चिपच्या आतच असा एक सांधा ठेवलेला असतो. तुम्हांला हा प्रयोग करता येईल. एक साधा डायोड घ्या, त्याच्या तारा लांब करून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि मल्टिमीटर डायोड तपासण्याच्या खुणेवर ठेवा. पिशवी आधी साध्या पाण्यात आणि मग कोमट पाण्यात बुडवा. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांवर नेलेत, तर आकडा साठ-एक मिलिव्होल्टांनी उतरलेला दिसेल.

मुलांनी घेतलेली मापे

बाईंनी मागून घेतलेला दिवस वाया गेला नव्हता. आठवीच्या चार मुलांनी प्रयोगशाळेतले दोन तापमापक घेऊन एक कपाटात आणि दुसरा कपाटाबाहेर त्याच उंचीवर टांगला होता. त्यांच्या वहीत असे आकडे होते: सकाळी ८ वाजता बाहेर २९, आत ४०. अकराला बाहेर ३४, आत ४५. एकला बाहेर ३८, आत ४९. दोनला बाहेर ३९, आत ५०.

जरा थांबा आणि या आकड्यांकडे पुन्हा पाहा. तुम्हांला काय दिसते?

आत आणि बाहेर यांतला फरक दिवसभर ११ अंश आहे. तो उन्हाबरोबर वाढत नाही. म्हणजे ऊन हे एकटे गुन्हेगार नव्हे. कपाट स्वतःची ११ अंशांची भर रोज, चोवीस तास घालत होते. पहाटेही. उन्हाने फक्त वरचा थर चढवला. या स्विचच्या पुस्तिकेत लिहिले होते, की भोवतालची हवा ४५ अंशांपर्यंत असावी. म्हणजे सकाळी अकरालाच तो काठावर येत होता.

ही ११ अंशांची भर येते कुठून? कपाटात स्विच होता, कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारे रेकॉर्डर होते आणि इंटरनेटची एक लहान पेटी होती. स्विच ६२ वॅट घेई. त्यातले १६ वॅट तो चार कॅमेऱ्यांना केबलमधून पुरवी. उरलेल्या ४६ वॅटांचे काय होते? पंखा वारा ढकलतो, पंप पाणी चढवतो. स्विच कसलेच ओझे उचलत नाही. माहिती इकडून तिकडे गेली तरी तिच्याबरोबर जाणारी ऊर्जा नगण्य असते. तेव्हा ४६ वॅट जसेच्या तसे उष्णतेत उतरतात. रेकॉर्डर आणि लहान पेटी यांचे मिळून ३४ धरले, तर एकूण ८० वॅट झाले. बंद कपाटात दिवसरात्र जळणारा जुन्या पद्धतीचा ८० वॅटांचा बल्बच समजा.

पत्र्याच्या भिंतीतून ही उष्णता बाहेर पडते ती फार सावकाश. शांत हवेत एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या दर एका अंशाच्या फरकाला, साधारण ५ ते ८ वॅट निसटतात. आमच्या कपाटाचा उघडा पृष्ठभाग १.२ चौरस मीटर होता. म्हणजे एका अंशाला ६ ते १० वॅट. ८० वॅट बाहेर टाकायला ८ ते १३ अंशांचा फरक पडायलाच हवा. मुलांनी मोजलेले ११ अंश बरोबर त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात. कागदावरचे गणित आणि वहीतले माप असे जुळले, की आमच्या धंद्यात फार बरे वाटते.

आणि म्हणूनच नवा स्विच घेऊन काही होणार नव्हते. तोही त्याच कपाटात बसला असता आणि त्याच सव्वा वाजता बंद पडला असता.

उपाय तीन केले आणि तिन्ही फुकटात झाले. रेकॉर्डर कपाटाबाहेर काढले. कपाट छताजवळून उतरवून टेबलाच्या उंचीवर आणले, कारण गरम हवा वर साठते. दुपारी एकला छताजवळ ३८ अंश असताना टेबलाजवळ ३५ होते. शिवाय पत्र्याचे दार काढून ठेवले. (दाराच्या जागी जाळीचे दार नंतर गावातल्याच वेल्डरने करून दिले, कुलूप मात्र जुनेच.) दुसऱ्या दिवशी दोन वाजता टेबलाजवळ ३६ आणि कपाटात ३९. पन्नासाचे एकोणचाळीस झाले.

स्विचच्या बाजूच्या जाळीतून खडूची धूळही पुष्कळ निघाली. स्वच्छ करताना एक काळजी घ्यायची. फुंकणीच्या वाऱ्याने आतला छोटा पंखा गरगर फिरू देऊ नये, काडीने धरून ठेवावा. जोराने फिरवलेला पंखा स्वतःच जनित्रासारखा वागतो आणि उलट वीज आत पाठवू शकतो.

दार काढता येत नसेल, तर कपाटाला हवा खेचणारा पंखा लावावा लागतो. किती हवा लागेल? एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम. एक किलोग्रॅम हवा एका अंशाने तापवायला सुमारे १००० जूल लागतात. ८० वॅट म्हणजे सेकंदाला ८० जूल. हवा ५ अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, असे ठरवले तर सेकंदाला सुमारे १३ लिटर हवा बदलायला हवी. एक मोठी घागर भरून. हे काम अगदी लहान पंखाही करतो, फक्त हवेला आत यायला आणि बाहेर जायला दोन वेगवेगळी भोके ठेवली पाहिजेत. एकच भोक पाडून पंखा लावलेली कपाटे मी कितीतरी पाहिली आहेत!

न दिसणारे नुकसान

स्विच दुपारी बंद पडतो हे एका अर्थी चांगले असते, कारण ते दिसते. रोज ४४-४५ अंशांत कुरकुर न करता चालणारा स्विच अधिक फसवा. त्याच्या वीजपुरवठ्यात कपॅसिटर असतात. रेडिओ दुरुस्त करणारे त्यांनाच कंडेन्सर म्हणतात. त्यांतल्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरांत ओला रासायनिक पदार्थ असतो आणि तो हळूहळू सुकत जातो. १८८९ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस यांनी तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा संबंध मांडला. त्यावरून निघालेला एक ढोबळ हिशेब अभियंते आजही वापरतात: तापमान १० अंशांनी वाढले, की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते.

कपॅसिटरवर '१०५ अंश, २००० तास' असे लिहिलेले असेल आणि तो ६५ अंशांवर राहत असेल, तर चार वेळा दुप्पट करा. ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. तोच ७५ अंशांवर ठेवलात तर १६,००० तास, दोन वर्षेसुद्धा नाहीत. आपल्या कपाटाची भर ११ अंश होती, हे विसरू नका. असा सुकलेला कपॅसिटर डोक्याशी फुगतो. मग स्विच सकाळी सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतो. सगळे म्हणतात, विजेचा दोष. वीज बिचारी जशीच्या तशी असते, दोष तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापासून साठत आलेला असतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. स्विचची पेटी उघडून हे कपॅसिटर पाहायला जाऊ नका. २३० व्होल्टांच्या विजेचा शिखरदाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो आणि त्यातला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ तेवढा दाब धरून ठेवू शकतो. बाहेरून मोजण्यासारखे एवढे आहे, की आत हात घालण्याची गरजच पडत नाही. प्लग तपासावा. तो हाताला कोमट नव्हे तर गरम लागला, तर सॉकेटातला स्क्रू सैल आहे असे समजावे आणि ताबडतोब मोठ्यांना सांगावे. आग लागते ती बहुधा तिथून.

दिवेलागणीचा आजार

स्विच बरा झाला, परीक्षा सुरू झाली. पण दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन आला. फाटकावरचा कॅमेरा रोज दिवेलागणीला बंद पडतो, पहाटे पुन्हा चालू होतो. संध्याकाळी तर हवा थंड! आणि रात्री कॅमेरा नसेल तर तो लावला कशाला?

या कॅमेऱ्याला वेगळी वीज नव्हती. माहितीच्या केबलमधूनच स्विच त्याला वीज देतो. ही सोय २००३ साली मानक म्हणून ठरली. खोबणीत काहीही खोचले म्हणून स्विच वीज सोडत नाही. आधी तो थोडासा दाब देऊन पलीकडे सुमारे २५,००० ओहमांचा ओळखीचा रोध आहे का ते पाहतो. तो सापडला तरच ४८ व्होल्टांच्या आसपासचा दाब देतो. मानकाने हिशेब बांधला आहे तो असा: स्विचने निदान ४४ व्होल्टांना ०.३५ अँपिअर द्यावा, म्हणजे १५.४ वॅट. १०० मीटर केबलचा रोध वाईटात वाईट २० ओहम धरला, तर वाटेत ७ व्होल्ट खर्च होतात आणि उपकरणाला ३७ व्होल्ट, म्हणजे १२.९५ वॅट मिळतात. आकडे गुणून पाहा, बरोबर येतात. (चोवीस खोबण्यांच्या स्विचवर '३७० वॅट' असे पुष्कळदा का छापलेले असते, तेही १५.४ ला २४ ने गुणून कळेल.)

आमचा कॅमेरा दिवसा ४ वॅट घेई. अंधार पडला, की तो स्वतःचे अवरक्त दिवे लावी आणि ७ वॅट मागे. सात वॅट ही काही फार मोठी मागणी नव्हे. म्हणून केबल दोन्हीकडून सोडवली, फाटकाच्या टोकाला तारा एकत्र जोडल्या आणि स्विचच्या टोकाला जाण्यायेण्याच्या वाटेचा रोध मोजला. नव्वद मीटर चांगल्या केबलला ९ ओहमांच्या आसपास असायला हवा. मल्टिमीटर दाखवीत होता ८०.

आता कॅमेऱ्याच्या जागी बसून विचार करा. दिवसा ०.१ अँपिअर प्रवाह. ८० ओहमांत ८ व्होल्ट पडतात, ४८ पैकी ४० उरतात, ४० गुणिले ०.१ म्हणजे ४ वॅट. भागते. रात्री ७ वॅट हवेत. दाब पडला, की कॅमेरा अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे दाब आणखी पडतो. गणित शेवटी जुळते ते ०.२५ अँपिअर आणि २८ व्होल्टांना. पण मानकाप्रमाणे दाब ३० व्होल्टांच्या खाली जाण्याआधीच उपकरणाने बंद झाले पाहिजे. तेव्हा दिवे लागले, की कॅमेरा बंद. बंद झाला, की दाब पुन्हा ४८. ओळखीचा रोध स्विचला सापडतो, कारण २५,००० ओहमांत ८० ओहम ते काय! वीज येते, कॅमेरा जागा होतो, अंधार पाहतो, दिवे लावतो, बंद पडतो. रात्रभर हेच. सूर्य उगवला, की दिव्यांची गरज संपते आणि कॅमेरा बरा होतो.

केबलच्या कडेकडेने चालत निघालो. फाटकाजवळच्या कडुनिंबाच्या बेचक्यात एक काळी चिकटपट्टी दिसली. कोणीतरी कमी पडलेली केबल तारा पिळून जोडली होती. पट्टी सोडवली तर आतले तांबे हिरवे पडलेले, गेल्या पावसाळ्याचे पाणी त्यात मुरलेले. सबंध केबल सांध्याशिवाय नव्याने टाकली. रोध ९ ओहम भरला. कॅमेऱ्याला रात्री ७ वॅट घेतानाही ४६ व्होल्टांहून अधिक मिळू लागले.

त्या रात्री फाटकावर काय टिपले गेले ते पाहायला आठवीची ती चार मुले सकाळी शाळा भरण्याआधीच येऊन बसली होती. रात्रभरात एक मांजर फाटकावर चढले होते. दोनदा.